चेहऱ्याला मार लागलेल्या बायका उशिरा का येतात, आणि आशाताईंना नेमकं काय शिकवावं?

वस्ती_आरोग्य

तालुक्यातल्या आशाताई आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठरतंय. विषय आहे जबडा, नाक, गाल आणि डोळ्याभोवती लागलेला मार. रुग्ण मुख्यतः वीटभट्टी, बांधकाम आणि ऊसतोड मजुरांच्या घरांतले. पुरुष गाडीवरून पडून किंवा मारामारीत लागून येतात, बहुधा त्याच रात्री, कोणीतरी उचलून आणतं. बायका आठ-दहा दिवसांनी येतात आणि "मोरीत घसरले" म्हणतात. तोवर हाड वाकडं जुळायला लागलेलं असतं. वस्तीतच ओळखता येतील अशी लक्षणं, किती दिवसांत कुठे पाठवायचं आणि खर्चाचं काय, एवढं ठोस हवं आहे. जनजागृतीच्या घोषणा पुष्कळ आहेत, त्या नकोत.

जबडा_ओपीडी

बेशुद्ध किंवा तोंडातून रक्त येणाऱ्या माणसाला उताणं झोपवू नका. हनुवटीजवळ जबडा दोन्हीकडे मोडला असेल तर जीभ मागे पडून श्वास अडतो. मानेला फार हलवू न देता कुशीवर वळवा आणि १०८ बोलवा. शुद्धीवर असेल आणि मान दुखत नसेल तर पुढे वाकून बसू द्या.

शुद्धीवरच्या माणसाला पहिला प्रश्न: "दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का?" उत्तर "नाही" आलं तर जबडा मोडला असं धरून चाला. मग जीभ वर करायला सांगा. जिभेखाली काळंनिळं दिसलं तर खालच्या जबड्याचं फ्रॅक्चर जवळपास नक्की. खालचा ओठ बधिर असेल तर जबड्यातली नस दुखावली आहे. गाल आणि वरचा ओठ बधिर असेल तर गालाचं हाड किंवा डोळ्याची खोबण. एकाचे दोन दिसतात का, डोळा वर फिरतो का, हेही पाहा. नाकातून पाण्यासारखं पातळ गळत असेल तर नाक शिंकरू द्यायचं नाही, कापूस कोंबायचा नाही, थेट सिव्हिल (जिल्हा रुग्णालय).

नाकाच्या आत, मधल्या पडद्यावर, मऊ लालसर फुगा दिसला तर त्याच दिवशी पाठवा. ते साकळलेलं रक्त आहे. दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर कूर्चा (पडद्यातलं मऊ हाड) मरते आणि नाक कायमचं खाली बसतं. टॉर्चने पाहायला अर्धं मिनिट लागतं, तरी हे सर्रास सुटतं.

मुदती फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. जबडा शक्य तितक्या लवकर, दोन-तीन दिवसांत. नाकाचं हाड ७ ते १० दिवसांत बसवता येतं. गालाचं हाड दोन आठवड्यांच्या आत. त्यानंतर जुळलेलं हाड पुन्हा तोडून बसवावं लागतं, म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, जास्त खर्च आणि कमी चांगला परिणाम. सूज उतरायची वाट घरी बसून पाहिली तर नेमका हाच वेळ हातचा जातो.

अख्खा दात निखळून पडला असेल तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका. पक्का दात असेल तर हलकेच धुऊन जागेवर बसवा, जमत नसेल तर दुधात टाकून तासाभरात दंतवैद्याकडे न्या. दुधाचा दात परत बसवायचा नसतो.

केसपेपर_खिडकी

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते, त्यामुळे उशिराबद्दल लिहिते.

बाईला दुखणं कळत नसतं असं नाही. मारणाराच घरात कमावता असतो, बसभाड्याचे पैसे त्याच्याकडे, रेशनकार्ड आणि आधार त्याच्या पेटीत. दवाखान्यातही तोच किंवा सासू सोबत असते, आणि बाईच्या आधी उत्तर देते. म्हणून पहिलं काम त्यांना वेगळं करण्याचं. "एक्स-रेला एकट्यालाच आत घेतात" किंवा "केसपेपर काढून आणा" एवढं म्हटलं तरी पुरतं. मग सरळ विचारा: "हे कोणी मारल्यामुळे झालं का? आज घरी जायला भीती वाटते का?" "नवऱ्याशी भांडण झालं का?" असं विचारू नका, त्यात दोष तिच्यावरच येतो. ती नाही म्हणाली तर पाठ सोडा, पण पुढच्या भेटीत पुन्हा विचारा.

समोरून उजव्या हाताने मारलेला ठोसा डाव्या गालावर किंवा डाव्या जबड्यावर बसतो. पडल्यावर बहुधा हनुवटी, नाक, कपाळ फुटतं आणि तळहात-गुडघे खरचटतात. डाव्या डोळ्याभोवती काळं, मनगटावर बोटांचे वळ आणि तळहात स्वच्छ, असं दिसलं तर विचारायलाच हवं. हा पुरावा नव्हे, विचारण्याचं कारण आहे.

आता पैसा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. जबड्याची शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि अंगीकृत (योजनेत नोंदलेलं) रुग्णालय कोणतं, हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडून, आधी विचारून घ्या, नाहीतर बाई दोन ठिकाणी फिरून घरी परतते. मारहाण किंवा अपघात असेल तर योजनेच्या कागदांत एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे अशा दुखापतीची डॉक्टरांनी केलेली कायदेशीर नोंद) प्रत लागते. इथेच घोळ होतो. पोलीस येतील या भीतीने कुटुंब "पडली" असं लिहून घेतं, आणि पुढे योजनेत आणि न्यायालयातही तेच आडवं येतं. एमएलसी म्हणजे गुन्हा दाखल करणं नव्हे. डॉक्टर नोंद करतात, पोलिसांना कळवतात. त्या वेळी जबाब द्यायचा की नाही हे तिने ठरवायचं. हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगा.

मुंबईत २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं ते याचसाठी, की समुपदेशन रुग्णालयाच्या आवारातच मिळावं. जिल्ह्यांत हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर आहे, महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे. हे नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, घरात ती चिठ्ठी सापडते. पाठ करून घ्या.

वकील_फिरती

केसपेपरवर "चेहऱ्याला मार" एवढंच लिहिलं असेल तर आमच्या हाती काही राहत नाही. कोणती बाजू, किती सेंटिमीटर, रंग, कोणता दात हलतो किंवा तुटला, हे सगळं हवं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड किंवा दात मोडणं वा निखळणं आणि चेहरा कायमचा विद्रूप होणं, या गोष्टी 'गंभीर दुखापत' ठरतात. शिक्षा ७ वर्षांपर्यंत. एक तुटलेला दात नोंदायचा राहिला की प्रकरण साध्या दुखापतीवर येतं.

फौजदारी तक्रार नको असेल तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो. कलम २० मध्ये औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी दोन्ही मागता येतात, म्हणून औषधांच्या पावत्या जपा, शक्यतो माहेरी किंवा आशाताईंकडे. महिलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीत जा.

वॉर्ड_सिस्टर

शस्त्रक्रियेनंतरचं कोणी सांगितलं नाही, आणि गरीब घरात खरी पडझड तिथेच होते. दात तारेने बांधले तर साधारण ४ ते ६ आठवडे फक्त पातळ. हाडावर धातूची प्लेट बसवली तर बांधणं कमी दिवसांचं किंवा नसतंच, पण नरम अन्नच. मजुरीवर जाणाऱ्याला हे दिवस परवडत नाहीत. वजन झपाट्याने उतरतं, नाहीतर माणूस तार स्वतःच तोडून कामावर जातो आणि हाड हलतं.

दर दोन-अडीच तासांनी २००-२५० मिली द्या. कपभर दुधात दोन चमचे नाचणी सत्त्व शिजवून, चमचाभर तेल किंवा तूप घालून गाळा. डाळीचं घट्ट वरण मिक्सरमधून काढून, गाळून द्या. उकडलेलं अंडं दुधात वाटूनही चालतं. दात घट्ट बांधलेले असतील तर शेवटच्या दाढेमागच्या फटीतून सिरिंज आणि नळीने. नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवू नका, त्यात प्रथिनं फारच कमी असतात. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ. मिश्री, तंबाखू, दारू पूर्ण बंद. मोडलेल्या जागी पू होण्याचं ते मोठं कारण आहे.

तार कापायचं कटर रुग्णासोबत कायम हवं. उलटी झाली तर पुढे वाकून तोंड खाली करायचं, श्वास अडला तर वरच्या-खालच्या दातांना जोडणाऱ्या उभ्या तारा कापायच्या. कोणत्या, ते डिस्चार्जच्या वेळी घरातल्या माणसाला हात लावून दाखवून घ्या.

वस्ती_आरोग्य

खूप उपयोगी. लहान मुलांचं वेगळं काही? आणि गाडीवरून पडणाऱ्यांसाठी काय सांगू?

जबडा_ओपीडी

मुलांसाठी हनुवटी. पडून हनुवटी फुटली, टाके घातले आणि घरी पाठवलं, असं होतं. कानाजवळचा जबड्याचा सांधा मोडलेला तसाच राहतो, काही महिन्यांत-वर्षांत जाम होतो आणि तोंड उघडेनासं होतं. हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक मुलाला सिव्हिलला किंवा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. पुढच्या दातांमध्ये मुलाचीच तीन बोटं उभी जातात का, हे आशाताईंनी नंतर दर महिन्याला पाहावं. आधी जात होती आणि आता दोनच जातात, तर पुन्हा पाठवा.

गाडीबद्दल: रस्त्यावर मिळणारं टोपीसारखं अर्धं हेल्मेट हनुवटी उघडी ठेवतं. आयएसआय खूण आणि पूर्ण चेहरा झाकणारं घ्या, पट्टा आवळून. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल असेल तर पडताना हात टेकता येत नाहीत आणि तोंडच आधी आपटतं. साडीगार्ड लावा, पदर-ओढणी खोचून घ्या, आणि मागच्या बाईलाही हेल्मेट. घरात एकच असेल तर ते बहुतेक चालवणाऱ्याच्याच डोक्यावर असतं, हे बैठकीत पुरुषांसमोर स्पष्ट बोला.