मदत हवी आहे: दोन परीक्षकांची जुळणी ९०%, तरी कप्पा उणे का?

सरावखोली (नाशिक):
बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या ४० मुली, रक्तदाब मोजण्याचं एक स्टेशन (प्रात्यक्षिकाचं टेबल), दोन परीक्षक. शेरे दोनच: 'सक्षम' आणि 'अजून नाही'. ३६ मुली दोघांच्याही मते सक्षम. उरलेल्या चौघींपैकी दोघींना फक्त पहिल्याने पास केलं, दोघींना फक्त दुसऱ्याने. कोहेनचा कप्पा (योगायोगाने होणारी जुळणी वगळून खरी जुळणी किती, ते सांगणारा आकडा) −०.०५ येतोय. एक्सेलमध्ये सूत्र चुकलंय का? प्रबंधाचा आराखडा म्हसरूळला आरोग्य विद्यापीठात द्यायचाय.

गोदाकाठ:
सूत्र बरोबर आहे, हाताने करून बघा. प्रत्येक परीक्षकाने ४० पैकी ३८ जणींना, म्हणजे ०.९५ हिश्श्याला, सक्षम म्हटलंय. तेव्हा नुसत्या योगायोगाने होणारी जुळणी ०.९५ × ०.९५ + ०.०५ × ०.०५ = ०.९०५. प्रत्यक्ष जुळणी ०.९०. वजाबाकी −०.००५, तिला १ − ०.९०५ म्हणजे ०.०९५ ने भागा, झाले −०.०५३. जवळजवळ सगळ्याच पास असल्या की कप्पा असा कोसळतो.

ग्वेटचा एसी१ (जुळणीचंच दुसरं माप, जे असं कोसळत नाही) काढला तर ०.८९ येईल. तो सोबत द्या, पण त्याच्या आड लपू नका. कच्ची मुलगी ओळखण्यात दोघांचं एकदाही जमलेलं नाही, आणि सक्षमता तपासायची म्हणजे नेमकं तेच तपासायचं. ३६, २, २, ० ही चार घरांची चौकट आराखड्यात जशीच्या तशी छापा. रुब्रिकमध्ये, म्हणजे परीक्षकांच्या निकषांच्या यादीत, काय लिहिलंय?

सरावखोली:
'तंत्र योग्य आहे' आणि 'वाचन अचूक आहे'. दोनच ओळी.

वॉर्डबॉर्ड:
मग दोष तिथेच आहे ताई. 'तंत्र' म्हटल्यावर एक जण कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) बघतो, दुसरा हवा सोडण्याचा वेग. ओळी फोडा: कफची खालची कड कोपराच्या खळगीच्या २ ते ३ सेंमी वर, दंड हृदयाच्या पातळीला, आधारावर, आधी नाडी चाचपून वरच्या दाबाचा अंदाज, त्याच्या ३० मिमी वर फुगवणं, सेकंदाला २ ते ३ मिमीने हवा सोडणं. 'वाचन अचूक' ठरवायला परीक्षकालाही तोच आवाज ऐकू यायला हवा, म्हणजे दोघांना ऐकू येणारा टीचिंग स्टेथोस्कोप. तो नसेल तर ही ओळ सरळ काढून टाका. मुलीने १२० बाय ८० असं ठोकून दिलं तरी कळायचं नाही.

गोदाकाठ:
आणि नमुना बदला. संमती घेऊन चित्रफिती करा, त्यात १२ ते १५ मुद्दाम चुका पेरलेल्या ठेवा. आधी ५ फिती दोघांनी एकत्र बघून ओळीओळीवर वाद घालायचा. त्या ५ हिशेबात धरायच्या नाहीत. बाकीच्या वेगवेगळ्या खोलीत बसून. (चहाला एकत्र गेले तरी गुण जुळायला लागतात.) शेऱ्यांच्या चार पायऱ्या केल्या तर भारित कप्पा वापरा, म्हणजे एका पायरीचा फरक आणि तीन पायऱ्यांचा फरक एकाच मापाने मोजला जाणार नाही.

सरावखोली:
दुसरा परीक्षक वार्षिक प्रात्यक्षिकातही कायम ठेवू का?

वॉर्डबॉर्ड:
नको. दोघे एकाच स्टेशनवर बसवण्यापेक्षा दोन स्टेशनांवर एकेक बसवा. रक्तदाब नीट घेणारी मुलगी ड्रेसिंगमध्ये अडखळते. गुणांमधली मोठी चढउतार तिथून येते, परीक्षक त्यामानाने कमी कारणीभूत. वैद्यकीय शिक्षणातल्या हार्डेनने १९७५ मध्ये ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली तीही अनेक स्टेशनांचीच. परीक्षकांची जुळणी चित्रफितींवर वेगळी मोजा, आणि आराखड्यात 'सक्षमता' न लिहिता 'रक्तदाब मोजण्याचं कौशल्य' लिहा. एका स्टेशनवरून तेवढंच म्हणता येतं.