अचूकता नेमकी कशाची?

‘पोप कधीच चुकत नाहीत, असे कॅथलिक मानतात’ हे नेहमी ऐकू येणारे विधान नेमके नाही. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्माध्यक्षांच्या सभेने, ही अचूकता श्रद्धा वा नीती यांविषयी संपूर्ण चर्चसाठी दिलेल्या अंतिम निर्णयापुरतीच मानली. पोपही पापनिवेदन करतात, म्हणजे धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली देतात, हे सहसा विसरले जाते. पोप बाराव्या पायस यांनी १९५० मध्ये मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा, म्हणजे येशूची आई सदेह स्वर्गात घेतली गेली हा, सिद्धांत घोषित केला, तोसुद्धा १९४६ साली जगभरच्या बिशपांना (धर्माध्यक्षांना) पत्राने विचारून, म्हणजे भाविक प्रार्थनेत आधीपासून जे मानत होते त्यावर शिक्कामोर्तब झाले. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात पेत्राचा, म्हणजे पोप ज्याचे वारस मानले जातात त्या शिष्याचा, विश्वास ढळू नये म्हणून आपण प्रार्थना केल्याचे येशू सांगतो, आणि त्याच रात्री पेत्र त्याला तीनदा नाकारतो. माझ्या मते भाविकाचा भरवसा पेत्राच्या खंबीरपणावर नसून त्या प्रार्थनेवर असतो.