कुजक्या भाजीवरची बुरशी: बघत बसायची का कचऱ्यात टाकायची?

रविवारपेठी

आपल्या कोल्हापुरात जुलै लागला की कपाटातल्या कापशी चपलेलाही बुरा येतो, तिथं भाजीची काय कथा. मी काही पावसाळे एक उद्योग करतोय. टोपलीच्या तळाशी राहून सडायला लागलेली भाजी काचेच्या बरणीत घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून बाहेरून फोटो काढायचे.

लाल भोपळ्याच्या फोडीवर आधी पांढरी लव उठते. मग लवेच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याहून बारीक काळे ठिपके धरतात. खालचा केशरी गर अजून ओला चमकत असतो. मोसंबीचा थाट वेगळा. मध्ये शेवाळी हिरवा, भोवती रुंद पांढरा पट्टा, बाहेर सालीचा पिवळा. तीन रंग, पण एकातून दुसरा कुठं सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

माझ्या मते हे अमूर्त सौंदर्य आहे. जवळून काढलेला फोटो बघताना मोसंबी विसरायला होते, उरतो तो नुसता रंग आणि पोत. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात अशा फोटोंचं प्रदर्शन लावायचा विचार आहे. घरच्यांचा विरोध आहे (बरणी लोणच्याची होती, हे खरं). तुमचं काय मत?

तांबडा_पांढरा

भावा, नाद खुळा! आमच्यात असली भाजी म्हशीपुढं टाकतात. तू कलादालनात टांगणार. म्हशीला निदान दूध तरी येतंय.

पेट्रीताई

म्हशीला मुळीच घालू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीनं तयार केलेलं विष होतं. अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा शोध त्यातूनच लागला. ते घरच्या शिजवण्यानं जात नाही आणि जनावरानं खाल्लं तर दुधात उतरतं. आपल्या भागात शेंग आणि पेंड दोन्ही घराघरांत, म्हणून आधी हे लिहिलं. सौंदर्यावर नंतर येते.

शिरोळचा_गडी

मी भाजी पिकवतो, म्हणून जरा कडू बोलणार. टोमॅटोच्या पानावर करप्याचे ठिपके पडतात, एकात एक गोल, कंपास धरून काढल्यासारखे. दिसायला लई देखणे. ते दिसले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण पुढं फवारणीचा खर्च आणि तरी माल जाईल का राहील याचा भरवसा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यात कित्येक दिवस पाणी तुंबलं. ओसरल्यावर वांग्याच्या वावरात जे काय पांढरं-काळं माजलं होतं, त्याचा फोटो काढायला हात उचलला नसता कुणाचा.

तुझी मोसंबी सडली तर तुझं वीस रुपयांचं नुकसान. तेवढ्यात ज्याला भागवता येतं, त्यालाच बुरशी सुंदर दिसते.

रविवारपेठी

दादा, तुमचा राग मान्य. पण ठिपके 'लई देखणे' आहेत हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे नुकसान दिसत असतानाही डोळ्यानं आपलं काम केलंच की. मी तेवढंच म्हणतोय. पुराचं पाणीही पंचगंगा घाटावरनं बघायला गर्दी होते, आणि त्या गर्दीत ज्यांचं घर पाण्यात आहे असेही असतात.

शिरोळचा_गडी

असतात. ते बघायला आलेले नसतात, पाणी कुठल्या पायरीला आलं ते मोजायला आलेले असतात.

पेट्रीताई

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मला बुरशी सुंदर वाटते, यात वाद नाही. माझा वाद 'अमूर्त' म्हणण्याशी आहे. बुरशी इतकी काटेकोर असते की त्या फोटोत उगाच आलेलं काहीच नाही.

मोसंबीवरची ती पेनिसिलियम नावाची बुरशी. एका बीजाणूपासून (बुरशीचं बारीक बी म्हणा) तंतू सगळ्या बाजूंनी टोकाकडून वाढत जातात, म्हणून गोल. बाहेरचा पांढरा पट्टा म्हणजे कोवळे तंतू, त्यांना अजून बीजाणू धरलेले नाहीत. मधला भाग जुना, तिथं बीजाणू पिकले, म्हणून हिरवा. म्हणजे बाहेरून आत जाताना तुम्ही वय वाचत असता. भोपळ्यावरचे काळे ठिपके बहुधा रायझोपस नावाच्या बुरशीचे. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंची थैली, फुटून वाऱ्यावर जायला तयार. दोन बुरश्या समोरासमोर आल्या की कधी कधी मध्ये मोकळी पट्टी राहते, कारण दोघी एकमेकींना अडवणारी रसायनं सोडतात. तुमच्या फोटोत ती नाजूक रेघ दिसेल. ती हद्दीची भांडणं आहेत, बांधावरच्यासारखीच.

हे माहीत झाल्यावर मला ते जास्त सुंदर दिसतं. 'नुसता रंग आणि पोत' म्हटलं की अर्धं फेकून दिल्यासारखं होतं.

ओला_कॅनव्हास

चित्रं काढतो, त्यामुळे दोघांशीही भांडणार.

ताईंचं म्हणणं धरलं तर रंगाचं रसायनशास्त्र कळल्याशिवाय चित्र कळणार नाही. ते काही खरं नाही. पण रविवारपेठी, तुझंही पटत नाही. अमूर्त चित्रं काढणारे गायतोंडे रोलरनं आणि पॅलेट नाईफनं रंग लावायचे, काढायचे, परत लावायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी व्हायची. त्या कॅनव्हासवर काय राहू द्यायचं हे एका माणसानं ठरवलेलं असतं. बुरशी काही ठरवत नाही. तिला जिथं ओल आणि साखर मिळते तिथं ती जाते.

संध्याकाळी रंकाळ्यावरचं आभाळ सुंदर असतं. त्याला अमूर्त चित्र कुणी म्हणत नाही. आबालाल रहमाननी रंकाळा रंगवला तेव्हा ते चित्र झालं. तू लेन्स लावलीस, कोपरा निवडलास, मोसंबीचा देठ बाहेर ठेवलास, तिथं चित्र सुरू झालं. मग श्रेय स्वतः घे की मर्दा, बुरशीच्या नावावर का ढकलतोस?

रविवारपेठी

कारण मी ती निवड करायच्या आधीच थक्क झालेलो असतो. फोटो नंतर येतो. बरणी उचलून उजेडाकडे धरली की पहिल्या क्षणाला काय दिसतं, त्याबद्दल बोलतोय मी. प्रदर्शनावर माझं नाव लागेल ते नाइलाजानं.

ओला_कॅनव्हास

नाइलाजानं म्हणे. उद्घाटनाला हार पण नाइलाजानंच घालून घेशील.

मंगळवार_पेठ_काकू

सगळे पुरुष चर्चा करताहेत आणि बरणी कोण घासणार हे कुणी विचारलं नाही. पेट्रीताई सोडून.

किळस येणं म्हणजे अडाणीपणा असा सूर वाटतोय, तो मला मान्य नाही. लोणच्याला बुरा आला की आमच्या सासूबाई वास घेऊन, न चाखता, अख्खी बरणी रिकामी करायच्या. त्या किळसेनंच घर जगवलंय. आणि २०२१ विसरलात का? कोरोनातनं उठलेली माणसं काळ्या बुरशीनं गेली, कुणाचा डोळा काढावा लागला. आमच्या नात्यातही झालं. त्यानंतर ती लव सुंदर बघायची म्हटलं तरी अंगावर काटा येतो.

पेट्रीताई

काकू, तुमचं बरोबर आहे, आणि त्या बुरश्यांचं आपसातलं नातंही खरं आहे. भोपळ्यावर जी रायझोपस येते, तिच्याच जवळच्या जाती त्या आजारात होत्या. फक्त एवढं सांगते की असले बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांनी प्रतिकार ढासळला होता, म्हणून तिला शरीरात वाट मिळाली. रविवारपेठी, घरात मधुमेही किंवा दम्याचं कुणी असेल तर हा उद्योग बंद. नसेल तरी झाकण उघडायचं नाही, बरणीसकट टाकायची.

आणि दुसरी बाजूही सांगते. १९२८ मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं, पण ते भरपूर बनवता येईना. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या बाजारातल्या बुरशी आलेल्या खरबुजावरून जास्त पेनिसिलिन देणारा बुरशीचा वाण मिळाला. सडक्या फळाकडे कुणीतरी नीट बघितलं म्हणून.

मंगळवार_पेठ_काकू

औषधासाठी बघितलं. भिंतीवर लावायला नव्हे.

तांबडा_पांढरा

काकू एक नंबर. तरी पण फोटो टाक रे, बघू तरी. जेवण झाल्यावर बघतो.

शिरोळचा_गडी

रविवारपेठी, प्रदर्शन लावणारच असशील तर एक कर. प्रत्येक फोटोखाली त्या भाजीचा त्या दिवशीचा मार्केट यार्डातला दर लिही.

रविवारपेठी

लिहितो. पण फोटोत भाजी ओळखू येऊ नये अशी माझी सगळी धडपड आहे, आणि दर लिहिला की ती लगेच टोमॅटो होते. बघणारा परत पहिल्या जागी.

शिरोळचा_गडी

तेच तर पाहिजे मला. आणि किलोचा नको, क्रेटचा लिही. हमाली, तोलाई वजा करून.

ओला_कॅनव्हास

हे मात्र मी बघायला येईन.