मदत हवी आहे : अख्ख्या कुटुंबाला एकत्र बसवून समुपदेशन गावात कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा सेविका म्हणून काम करते. एका घरात धाकट्या मुलाने कर्जापायी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता. तो वाचला, जिल्हा रुग्णालयातून गोळ्याही चालू आहेत. पण घर अजून आजारीच आहे. बाप बोलत नाही, आई सुनेला दोष देते, सून माहेरी निघायच्या बेतात.

डॉक्टर म्हणतात, सगळ्यांना घेऊन या. सोयाबीन काढणीत चार माणसांची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून कोण जाणार? शिवाय वेड्यांच्या डॉक्टरकडे गेले म्हणून गावभर होतं ते वेगळंच.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, मी स्वतः लावून दिला. पण फोन स्पीकरवर, सासरा बाजेवर बसलेला. सून काय कप्पाळ बोलणार! एकेकट्यासाठी ती सोय चांगलीच. घरातल्या भांडणाला मात्र समोरासमोर माणूस लागतो, असं माझं मत.

अंगणवाडी दुपारनंतर रिकामी असते, तिथे बसता येईल. कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक ठरलेला दिवस समुपदेशक मिळवलाय का? अर्ज कुणाकडे, वैद्यकीय अधिकाऱ्याकडे की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे? सगळ्या घराला व्हिडिओ कॉलवर बसवण्याचा अनुभव असेल तर तोही सांगा. आणि सासऱ्याला बोलतं कसं करायचं, तेवढं आधी. सून दिवाळीनंतर जाते म्हणतेय.