विजय दीनानाथ चौहान: तुमचा कोणता?

मुकुल आनंद यांचा 'अग्निपथ' हा सिनेमा १९९० चा, त्यात अमिताभ झाला विजय दीनानाथ चौहान. बावीस वर्षांनी, २६ जानेवारी २०१२ ला, करण मल्होत्राने तोच विजय हृतिकला घेऊन पुन्हा उभा केला. दोन्ही पाहिलेल्यांनी लिहा. हातचं राखू नका. सुरुवात मी करते.

पहिला मी बाबांबरोबर थिएटरात पाहिला. अमिताभचा तो घोगरा, घशात अडकलेला आवाज सुरू झाला आणि मागून आरडाओरडा, "आवाज नीट लावा!" बाबांनाही वाटलं, मशीन बिघडलं. पुढे त्याच भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये बाबांना पुन्हा घेऊन गेले. ते कान देऊन आवाजाची वाट बघत होते, आणि हृतिक बोलतच नव्हता! नुसता बघत होता. मध्यंतरात बाबा म्हणाले, "याने नक्कल केली नाही, बरं केलं." मलाही तेच वाटतं. तो आवाज एकाच माणसाचा होता. दुसऱ्याने काढला असता तर मिमिक्री झाली असती.

अलिबागहून
माझं माहेर मांडव्याच्या बाजूला. सिनेमातल्या विजयचं गावही मांडवाच, आणि तिथला खलनायक कांचा. मुंबईत हॉस्टेलला गाव सांगितलं की पोरी विचारायच्या, "कांचावालं?" नव्या सिनेमात तर मांडवा बेटच करून टाकलंय, शूटिंग दीवला. आमचं मांडवा बेट नाही हो! गेटवेवरून बोटीत बसा, धक्क्यावर उतरा, पुढे अलिबागची बस. तरी शेवटी हृतिक गावात परत येतो तेव्हा रडले. धक्का दिसायला लागला की मला अजूनही तसंच होतं.

पुण्याहून, ढोल पथकातून
आमच्या पिढीला विजय भेटला तो अजय-अतुलच्या ढोलातून. 'देवा श्री गणेशा' लागलं की टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, आपोआप हातात येतं. 'चिकनी चमेली' म्हणजे 'जत्रा'मधली 'कोंबडी पळाली', हे हिंदी मित्रांना सांगताना छाती फुगायची. गुलालात माखलेला हृतिक आमच्यातलाच वाटला. अमिताभचा विजय मी नंतर टीव्हीवर पाहिला. भारी होता, पण तो साहेब होता.

नाशिकहून
मला नवा पटला नाही, स्पष्ट लिहितो. कृष्णन अय्यर एम.ए. कुठे गेला? मिथुनचा नारळपाणीवाला हा त्या काळोखातला एकमेव उजेड. त्याच्या जागी रऊफ लाला हा खलनायक आणला. ऋषी कपूर यांनी अंगावर काटा आणला, कबूल. पण विजयला मित्रच उरला नाही. आणि आईचं काय? रोहिणी हट्टंगडी मुलाला जेवायच्या आधी हात धुवायला लावतात, त्या एका प्रसंगात सगळा सिनेमा आहे. समोर कमिशनर गायतोंडे म्हणून विक्रम गोखले. आमच्या घरी विजयला कुणी चौहान म्हणालंच नाही, चव्हाणच. इतका तो घरचा.

साताऱ्याहून
आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. विजयचे वडील दीनानाथ मास्तर, त्यांच्यावर खोटा आळ येतो आणि गाव उलटतं, तो भाग त्यांना बघवायचा नाही. जुना टीव्हीवर लागला की ते पाणी प्यायला उठायचे. नवा बघायला थिएटरात नेलं. मास्तरांना वडाला फाशी देतात तो प्रसंग जवळ आला, तेव्हा अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. प्रसंग संपला तरी पुसतच होते.