मेंढ्यांची खरूज, वसाहतीतले कळप-निरीक्षक आणि आपला माणदेश

प्रश्न : दहिवडीकर वाचक

सप्रेम नमस्कार. एकोणिसाव्या शतकातील न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहत येथील मेंढपाळीचा इतिहास मी सध्या वाचत आहे. तेथे कळपांची तपासणी करणारे सरकारी निरीक्षक नेमलेले असत. खरूज आढळली की मालकाला दंड, कळपाला हलवण्याची बंदी आणि ठरावीक मुदतीत सगळी मेंढरे औषधी पाण्याच्या हौदातून काढण्याची सक्ती होत असे. न्यूझीलंडमधून १८९० च्या दशकात हा रोग समूळ नाहीसा झाला. त्याच काळात इंग्रजी अमलाखाली असलेल्या सातारा जिल्ह्यात, जेथे माण-खटावचे कित्येक संसार मेंढरांवर चालत, अशी तपासणी का उभी राहिली नाही? आणि दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या आजच्या वाड्यांना, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळांना, त्या पद्धतीतले काही उपयोगी पडेल का?

उत्तर : अभिलेखप्रेमी, सातारा

कायदा कोणाच्या मालाच्या रक्षणासाठी झाला, हे आधी पाहावे लागेल. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि केप येथील निर्यातीत मेरिनो मेंढीच्या लोकरीचा वाटा फार मोठा होता आणि खपल्यांनी चिकटलेल्या लोकरीला इंग्लंडच्या बाजारात भाव मिळत नसे. आपल्या दख्खनी मेंढीची जाड लोकर घोंगड्यांसाठी आसपासच खपत होती. तिच्यावर सरकारचे काही अडत नव्हते. त्यामुळे येथील सरकारी पशुवैद्यकाचे लक्ष लष्कराच्या घोड्यांकडे आणि बुळकांडीने मरणाऱ्या बैलांकडे राहिले. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये निघाले, पुण्यात १८८९ मध्ये प्रयोगशाळा झाली व पुढे ती मुक्तेश्वरला हलली, आणि १८९९ मध्ये घोड्यांच्या ग्लँडर्स रोगासाठी स्वतंत्र कायदाही झाला. माणदेशातल्या मेंढीच्या खरजेसाठी तसे काही झाले नाही, आणि हा अन्याय आपल्या इतिहासात पुरेसा नोंदवला गेलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण हद्दींची होती. फलटण व जत ही संस्थाने होती, आटपाडी औंध संस्थानात होती, आणि त्यांच्या मधोमध इंग्रजी मुलूख पसरलेला होता. चाऱ्याच्या मागे जाणारा कळप एकाच हंगामात अनेक सत्तांखालून जात असे; अशा ठिकाणी एका साहेबाचा परवाना पुढच्या शिवेवर किती चालला असता?

आपल्याला न्यूझीलंडपेक्षा केपचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथे १८८६ चा पहिला कायदा सर्व जिल्ह्यांना लागू नव्हता. तपासणी आयोगानंतर १८९४ मध्ये सर्वत्र सक्ती आली. कोरड्या प्रदेशातील फिरत्या मेंढपाळांनी तिला कडवा विरोध केला. पाऊस पडेल तिकडे ताबडतोब निघावे लागते, निरीक्षक मात्र दूर असतो, त्याच्या परवान्याची वाट पाहत बसलो तर चरण संपते आणि मेंढरे मरतात. शिवाय जेथे पिण्याला पाणी नाही तेथे हौद भरायचा कशाने, असे त्यांचे म्हणणे होते. खरूज उपासमारीने होते, ही त्यांची समजूत चुकीची होती, पण पाण्याची आणि परवान्याची तक्रार खरी होती.

उत्तर : पशुवैद्यक, कवठेमहांकाळ

वरील माहितीत रोगाची बाजू जोडतो. ही खरूज सोरोप्टिस नावाच्या अगदी बारीक माइटमुळे (गोचिडाच्या वर्गातील जिवामुळे) होते. तो लोकरीखाली कातडीवर राहतो आणि अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंतचे त्याचे चक्र साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होते. औषधी पाण्याने माइट मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून पहिल्या बुडवणीनंतर १० ते १४ दिवसांनी दुसरी बुडवणी घ्यावीच लागते. जुने निरीक्षक चुना-गंधकाच्या किंवा तंबाखूच्या काढ्याने हेच करून घेत. मेंढीच्या अंगाबाहेरही हा माइट दोन आठवडे तग धरू शकतो, त्यामुळे बाधित कळप बसलेल्या जागी लगेच दुसरा कळप बसवू नये.

तपासणीला फार काही लागत नाही. बोटांनी लोकर फाकून कातडीलगत पिवळसर, ओलसर खपली आहे का ते पाहावे, आणि पाठीवर किंवा कुशीवर खाजवावे. बाधित मेंढी मान वळवून ओठ चावल्यासारखे हलवू लागते. वरवर औषध फवारणे पुरेसे नाही. मेंढी कातडीपर्यंत भिजली पाहिजे, म्हणजे किमान एक मिनिट हौदात राहिली पाहिजे.

कायद्याचे म्हणाल तर २००९ चा केंद्रीय अधिनियम आज लागू आहे. अधिसूचित रोगाची शंका आली तर मालकाने कळवणे त्यात बंधनकारक आहे, आणि नियंत्रित क्षेत्र जाहीर करून जनावरांच्या वाहतुकीवर बंदीही घालता येते.

उत्तर : वाड्यावरचा, खटाव

आमच्या घरात मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून लिहितो. बंदी घातली की माणूस आजार लपवतो, कारण बातमी फुटली तर शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवू देत नाही, आणि बसवणुकीचे धान्य व पैसे यांवर आमचा उन्हाळा निघतो. केपच्या मेंढपाळांची तक्रार मला म्हणूनच अगदी ओळखीची वाटली. तपासणी हवीच, पण ती वाटेवर हवी. दिवाळीच्या सुमारास लोकर कातरली जाते, तेव्हा वाडे अजून गावाजवळ असतात. त्या वेळी सामाईक हौद, पाण्याचा टँकर आणि पशुवैद्यक एका ठिकाणी मिळाले, तर दोन्ही बुडवण्या निघण्याआधी उरकतील. लशींची नोंद आमच्याकडच्या वहीत व्हावी आणि ती घाटाखालच्या दवाखान्यानेही ग्राह्य धरावी. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची असते आणि नेमके त्याच वेळी आम्ही परतीच्या वाटेवर असतो. ती वाटेतल्या तालुक्यात मिळाली नाही, तर कोवळ्या गवतावर धष्टपुष्ट कोकरे एका रात्रीत जातात.

प्रश्नकर्ता : दहिवडीकर वाचक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. कातरणीच्या वेळचा सामाईक हौद आणि घाटाच्या दोन्ही बाजूंना चालणारी नोंदवही, या दोन मागण्या मी आमच्या ग्रामसभेत लेखी मांडतो. हौदाची लांबी-खोली किती असावी आणि वापरलेले औषधी पाणी ओढ्यात न जाता कोठे सोडावे, हे पशुवैद्यकांनी येथेच लिहिले, तर ते अर्जासोबत जोडता येईल.