न्यूयॉर्कचं ब्रॉडवे म्युझियम आईला दाखवावं का? (संगीत नाटकवाल्यांना खास विचारतोय)

कोथरूडकर७२

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन बहिणीकडे न्यू जर्सीला चाललोय. एक दिवस न्यूयॉर्कचा ठेवलाय. बहिणीचं म्हणणं, टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवेच्या संगीत नाटकांचं म्युझियम झालंय, आईला तिथे नेऊ. बाकीचे म्हणतात, आईला लिबर्टीचा पुतळा दाखवा, बोटीत बसवा, म्युझियममध्ये काय करणार ती?

आई ७६ वर्षांची आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला तिने ‘सौभद्र’ या संगीत नाटकातली सुभद्रा केली होती आणि लग्नानंतरही दहा-बारा वर्षं गणेशोत्सवात नाट्यपदं म्हणायची. अजूनही सकाळी ओट्याशी उभी राहून गुणगुणते. मी आत गेलो की थांबते, म्हणून मी बाहेरच उभा राहतो. इंग्रजी वाचता येतं, पण भराभर नाही. गुडघे दुखतात. तिकडची नाटकं तिने एकही पाहिलेली नाहीत.

तिला तिथे परकं वाटेल का? पैशांचा प्रश्न नाही. तो एक दिवस वाया जाऊ नये एवढंच वाटतं. कुणी स्वतः गेलं असेल तर सांगा.

विंगेतला

दादा, मी मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी गेलो होतो तेव्हा पाहिलं. ४५ व्या रस्त्यावर, लायसियम थिएटरच्या शेजारी आहे. ते थिएटर १९०३ चं आहे आणि आजही तिथे नाटकं होतात, म्हणजे आईंना बाहेरूनही काहीतरी पाहायला मिळेल. म्युझियम १५ नोव्हेंबर २०२२ ला उघडलं. तिकीट वेळेचं असतं, आधी ऑनलाइन काढून ठेवा. लिफ्ट आहे. दोन तास पुरतात, वाचत बसलात तर जास्त.

माझं मत स्पष्ट सांगतो. एकच दिवस असेल तर म्युझियमपेक्षा एखादं खरं नाटक दाखवा. बुधवारी दुपारचे प्रयोग असतात. टाइम्स स्क्वेअरच्या उत्तर टोकाला लाल पायऱ्यांखाली त्या दिवशीची उरलेली तिकिटं सवलतीत मिळतात. म्युझियमच्या बऱ्याच खोल्या फोटो काढण्यासाठी सजवल्यासारख्या आहेत. माणूस गायला उभा राहतो तेव्हा अंगावर जो काटा येतो तो तिथे येत नाही.

पायपेटी

कोथरूडकर, न्या आईंना. अवश्य न्या. मी ६८ वर्षांची आहे, सदाशिव पेठेत राहते, आणि माझेही गुडघे दुखतात. दोन वर्षांपूर्वी मुलीने नेलं होतं. जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं थोडं. सासरे ऑर्गन वाजवायचे. पेशाने शिक्षक, पण हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना साथ करायला कुठेही जायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पेटी येत होती. त्यांनी मला ऑर्गनवर बसवलं. भात्याला हवा पायाने द्यायची, म्हणून पाय सतत चालता ठेवायचा आणि पायाचा आवाज पदात येऊ द्यायचा नाही, हे जमायला मला वर्ष लागलं. पाय रेंगाळला की सूर मरतो. पुढे त्यांची बोटं आखडली तेव्हा ‘सौभद्र’ आणि ‘संशयकल्लोळ’चे पंधरा-वीस प्रयोग मी वाजवले. त्यामुळे म्युझियममध्ये मी तिकडची प्रेक्षक म्हणून गेलेच नाही. त्याच धंद्यातल्या परगावच्या माणसाकडे गेल्यासारखी गेले.

सुरुवातीला नकाशाची खोली आहे. न्यूयॉर्कमधली थिएटरं शहराच्या दक्षिण टोकाकडून सरकत सरकत टाइम्स स्क्वेअरपर्यंत कशी आली ते दाखवतात. मग काळाप्रमाणे एकेक नाटक. वाचायला खूप आहे, पण सगळं वाचायची गरज नाही. आईंना थेट ‘ओक्लाहोमा!’च्या खोलीत न्या. मक्याच्या उभ्या ताटांमधून चालायचं असतं. तिथे थांबून त्यांना एवढंच सांगा: हे नाटक ३१ मार्च १९४३ ला आलं. तोवर तिकडच्या संगीत नाटकाचा पडदा वर गेला की बहुतेक वेळा नटलेल्या पोरींचा ताफा नाचत यायचा. इथे पडदा वर जातो तर अंगणात एक वयस्क बाई एकटीच लोणी घुसळत बसलीय, आणि गाणं येतं विंगेतून. नायक गात गात मागून येतो. मुलीने मला हे तिथे उभ्या उभ्या सांगितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण पद कुठून यावं आणि कुणाच्या तोंडी यावं, हाच तर आपल्याकडचा पहिला मोठा प्रश्न होता.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर अभिनय करायची. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० ला, आपल्या पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक केले आणि पद पात्राच्या स्वतःच्या गळ्यात दिलं. शकुंतलेचं दुःख शकुंतलाच गाणार. आज हे आपल्याला इतकं साधं वाटतं की त्यामागे कुणाचं डोकं होतं हेच आपण विसरलो. आणि ज्या १९४३ मध्ये तिकडे ती बाई लोणी घुसळत बसली, त्याच वर्षी सांगलीला मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली.

म्हणून आईंना परकं वाटणार नाही. त्यांची सुभद्रा, म्हणजे किर्लोस्करांचं ‘सौभद्र’, १८८२ ची आहे. तिकडे ज्याला नव्या वळणाचं पहिलं नाटक म्हणून मान देतात ते ‘शो बोट’ १९२७ चं. तोवर आपलं ‘मानापमान’ सोळा वर्षांचं झालं होतं आणि ‘स्वयंवर’ अकरा वर्षांचं. हे मी चढाओढ म्हणून सांगत नाही, आईंनी तिथे ताठ मानेने फिरावं म्हणून सांगतेय.

‘फँटम ऑफ द ऑपेरा’च्या खोलीत वर बघा. छतापासून स्फटिक लोंबताहेत, एका प्रयोगाचा एक असे हजारो. ते नाटक १९८८ ते २०२३ चाललं, एकूण १३,९८१ प्रयोग. प्रत्येक प्रयोग मोजलेला! मी तिथे बराच वेळ उभी राहिले. सासऱ्यांची वही आठवली.

ती वही लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीला असते तशी. त्यात त्यांनी वाजवलेल्या प्रत्येक प्रयोगाची नोंद होती. तारीख, गाव, सुभद्रा कोण, सूर कुठला (काळी चार, काळी पाच, म्हणजे पेटीची कितवी काळी पट्टी), कुठल्या पदाला किती वन्स मोअर, वीज गेली का. एका ठिकाणी लिहिलेलं मला पाठ आहे: ‘पाऊस. भाता ओला. तिसरा अंक नुसत्या तबल्यावर.’ पंधरा वर्षांपूर्वी एका संस्थेने प्रदर्शनासाठी मागितली म्हणून मी दिली. पावती घेतली नाही. प्रदर्शन झालं, पदाधिकारी बदलले, वही परत आली नाही. चार वेळा गेले. शेवटच्या वेळी तिथल्या मुलाने ‘कसली वही?’ असं विचारलं, तेव्हा जाणं सोडलं. सासरे तेव्हा नव्हते, एवढंच बरं.

विंगेतला, तुझं म्हणणं मला पटतं, गाणं समोर ऐकण्याची सर कशालाच नाही. पण तू शेवटचा भाग घाईत पाहिलास का? नाटक कसं उभं राहतं ते दाखवणारा? लिहिणारा, चाल लावणारा, कपडे बेतणारा, केसांचे टोप करणारा, दिवे लावणारा, आणि विंगेत बसून सगळ्यांना इशारे देणारा. प्रत्येकाच्या कामाला जागा दिलीय. आपल्याकडे स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांचे शालू आणि अत्तर सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्यामागे तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते हेही जाणकार सांगतील. पण कपडेपट सांभाळणारा, पडदे रंगवणारा, प्रॉम्प्टर, यांच्यासाठी एक भिंतसुद्धा नाही. त्या खोल्यांतून हिंडताना मला माझ्या सगळ्या माणसांची आठवण आली.

एड्सच्या साथीत तिकडच्या रंगभूमीने किती माणसं गमावली तेही तिथे सांगितलंय. तो भाग वाचून आई गप्प होतील, होऊ द्या.

विंगेतला

मावशी, खरं सांगतो, शेवटचा भाग मी दहा मिनिटांत संपवला होता, जेवायला जायचं होतं. मी इथे प्रकाशयोजनेचंच काम करतो आणि दिव्यांच्या माणसाचीच जागा नीट न बघता आलो, याचं आता वाईट वाटतंय. वहीचं वाचून जास्तच वाईट वाटलं.

कोथरूडकर, माझं मत बदललं. दुपारी म्युझियम, संध्याकाळी नाटक, मध्ये आईंना बसायला मिळेल असं करा. आणि जायच्या आधी पुण्यात एक फेरी मारा, म्हणजे तिथे जोडून बघता येईल. बाजीराव रोडवर राजा केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. आपण तिथे शेकडो वेळा जातो आणि तिसरी घंटा होईल म्हणून बघायचं राहून जातं. प्रयोग नसताना, गर्दी नसताना पाहा. भरत नाट्य मंदिरही आहेच, ती संस्था १८९४ ची, आणि तिथे संगीत नाटकं अजून होतात. एखादा प्रयोग लागलाय का बघा.

कोथरूडकर७२

पायपेटी ताई, तुमचं उत्तर मी काल रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवलं. लोणी घुसळणाऱ्या बाईपर्यंत आलो तेव्हा तिने मला थांबवलं आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग उठून आत गेली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढ म्हणाली. त्या पेटीत आहे काय, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

‘सौभद्र’ची तिची प्रत निघाली. पुठ्ठा गेलाय, पहिली आठ पानं नाहीत. समासात निळ्या शाईने तिचंच अक्षर: ‘इथे श्वास’, ‘पदर डाव्या हातात’, ‘कृष्ण उशिरा येतो, दोन आवर्तनं थांबणे.’ त्या कृष्णाबद्दल ती पाऊण तास बोलली. माझ्या बायकोने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. शेवटच्या पानावर साथीदारांची नावं आहेत आणि ऑर्गनवाल्यांच्या नावापुढे ‘मास्तर’ एवढंच लिहिलंय. तिला त्यांचं आडनाव आठवत नाही, पण ते पेठेतले होते आणि शाळेत शिकवायचे, असं म्हणते.

म्युझियमचं नक्की झालं. तिकिटं बहीण काढतेय. पण आई विचारतेय, ताईंकडे ऑर्गन अजून आहे का?

पायपेटी

आहे. आतल्या खोलीत खिडकीपासून लांब ठेवलाय, पावसाळ्यात वर जुनी रजई घालते. भात्याचं चामडं दोनदा बदललंय, डावीकडच्या दोन रीड धरतात, पण काळी चारच्या आसपास सगळं स्वच्छ बोलतं.

आधी एक काम करा. त्या प्रतीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, समास पूर्ण दिसेल असा, दिवसाच्या उजेडात. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, कितीही मोठ्या माणसाने मागितली तरी. मलासुद्धा देऊ नका. दाखवायला आणा. पेठेत शाळामास्तर पुष्कळ होते आणि ऑर्गन वाजवणारेही बरेच, त्यामुळे मी आत्ताच काही मनात धरत नाही. पण सासऱ्यांचा एक फोटो आहे, त्या काळातला, ऑर्गनवर बसलेला. आईंना दाखवते. ओळखलं तर ओळखलं.

कोथरूडकर७२

रविवारी सकाळी अकराला येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. आई म्हणते काळी चार आता झेपायची नाही, काळी एक द्या, आणि जिना असेल तर आधी सांगा. चहा ती बिनसाखरेचा घेते.